हिशेब किती दिवस ठेवायचा?

आज जरा खाजगी विषय.

२०२४च्या गणपतीला मी चिपळूणला आजीकडे गेलो तेव्हा सामानात कपडे, लॅपटॉप, चार्जर आणि एक छोटा डिजिटल वजनकाटा होता. स्वयंपाकघरात वापरतात तो, ग्रॅममध्ये मोजणारा. लॅपटॉपचं कुणाला काही वाटलं नाही, सणाच्या दिवशी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेला नातू आता घरोघरी असतो. काटा मात्र गाजला. मोदकपात्रातून मोदक केळीच्या पानावर उतरत होते. मी त्यातला एक हळूच उचलून काट्यावर ठेवला. ५२ ग्रॅम. मागून आजीचा आवाज आला, "अरे मेल्या, अजून नैवेद्य दाखवायचाय! बाप्पाच्या आधी तुझा काटा जेवतो होय रे?"

सगळे हसले, मीपण हसलो. ॲपमध्ये उकडीच्या मोदकाच्या तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या, त्यातली सगळ्यात जास्त कॅलरीजची निवडली (सेफ साइड!) आणि दोन मोदकांवर थांबलो. इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी रात्री आजीने मला आवडतं म्हणून मुद्दाम घावन-घाटलं केलं. माझा दिवसाचा कोटा संपलेला. मी सांगितलं, "पोट बिघडलंय गं." आजीने ओवा आणि गरम पाणी आणून दिलं, आणि वयाच्या ८१व्या वर्षी रात्री दोनदा उठून "आता कसं वाटतंय?" विचारून गेली. मी अंधारात डोळे मिटून पडलो होतो. ठणठणीत.

हे आठवलं की आजही कानकोंडा होतो.

आता थोडा इतिहास. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत वजन ८७ किलो निघालं, उंची ५ फूट ८ इंच. वजनाचं सोडा, ते मला पँटने आधीच कळवलं होतं. घाबरलो ते एचबीए१सीच्या आकड्याला. ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बाबांना ४१व्या वर्षी साखर निघाली, गोळ्यांचा डबा मी लहानपणापासून डायनिंग टेबलवर बघतोय. आणि आपल्या लोकांचं शरीर या बाबतीत जरा लबाडच आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! २२ला ही कथा, तर माझा २९ होता.

मग सुरू केलं मोजणं. दिवसाला १७०० कॅलरीज, संध्याकाळी चालणं, चारचा कँटीनचा समोसा बंद. अकरा महिन्यांत ७१ किलो. एचबीए१सी ५.५. टीममधले लोक "काय खातोस रे?" विचारायला लागले. मोजण्याने मला खरंच शहाणं केलं, हे नाकारणार नाही. आमच्याकडे भाजीला 'थोडंसं' तेल म्हणजे ३८ ग्रॅम असतं हे मला सत्तावीस वर्षं माहीत नव्हतं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरीज, म्हणजे त्या थोडंशात साडेतीनशेच्या जवळ जातं प्रकरण. साबुदाण्याची खिचडी तर विचारूच नका. १०० ग्रॅम साबुदाण्याचे ३५०, ५० ग्रॅम दाण्याच्या कुटाचे २८०, दोन मोठे चमचे तूप म्हणजे आणखी अडीचशे. बटाटा अजून धरलाच नाहीये. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली त्याला ॲपशिवाय सगळं कळत होतं.

प्रश्न पुढचा आहे. वजन उतरलं, आता काय? हा हिशेब जन्मभर ठेवायचा का?

अमेरिकेत डॉ. लुलू हंट पीटर्स नावाच्या बाईंनी १९१८ साली पुस्तक लिहून सामान्य माणसाला कॅलरीज मोजायला शिकवलं. त्या स्वतः बरंच वजन उतरवलेल्या होत्या, आणि त्यांचं मत स्पष्ट होतं की हे कायमचं काम आहे. मीही तसंच धरून चाललो. ७१ला पोचल्यावर आणखी दहा महिने मोजत राहिलो, आणि त्याच दहा महिन्यांतला तो गणपती.

चिपळूणहून परत आल्यावर ऑक्टोबरात रागाच्या भरात ॲप डिलीट केलं. उत्साह एवढा, की बाथरूममधला वजनकाटाही पलंगाखाली ढकलला. मुक्ती! चार महिने मजेत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मित्राच्या लग्नासाठी जुना सूट काढला तर बटण लागेना. पलंगाखालून काटा ओढला, धूळ पुसली, उभा राहिलो. ७५.६. मी एकदा उतरून परत चढलो, जणू काट्याला रिस्टार्ट केल्यावर आकडा बदलेल. नाही बदलला.

त्या रात्री झोप आली नाही. साडेचार किलोंचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याने ८७ पाहिलेत त्याला ७५.६ मध्ये ८७च दिसतात. ॲप परत टाकलं, आईच्या पोळ्या परत काट्यावर चढल्या. आणि या वेळी मोजता मोजता जरा विचारही केला, जो आधीच करायला हवा होता. इंजिनिअर असून मी कधी मोजमापातली चूक किती हे तपासलंच नव्हतं.

एका दुपारी आईच्या सहा पोळ्या मोजल्या. सगळ्यात हलकी ३४ ग्रॅम, सगळ्यात जड ४९. ॲपला दोन्ही 'एक पोळी'. बरं, पोळीची चूक दोन्ही बाजूंना जाते, सरासरीत मिटते. तेलाची तशी मिटत नाही, ती कायम कमीच धरली जाते. डब्यातल्या भाजीत किती तेल आहे ते मी ठरवतो, आणि मी माझ्याच बाजूचा! हॉटेलात गेलो की तर नुसती पतंगबाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ पदार्थांचे तक्ते काढले, उत्तम काम आहे, पण ते मुख्यतः गव्हाचे, डाळींचे, भाज्यांचे. ऑफिसखालच्या टपरीवरचा वडापाव कुणी कोष्टकात बसवायचा? एकूण, अगदी नीट नोंद ठेवूनही माझा दिवसाचा आकडा दीडशे-दोनशेने सहज चुकत असणार.

वजन उतरवताना ही चूक चालून जाते. तिथे चारशे-पाचशेची तूट ठेवलेली असते, दीडशे इकडेतिकडे झाले तरी गाडी उताराकडेच जाते. टिकवताना मात्र गणित वेगळं. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांनी २०११ साली जे मॉडेल मांडलं त्यानुसार रोज १०० कॅलरीज जास्त गेल्या तर वजन कालांतराने साधारण साडेचार किलोंनी वाढून स्थिर होतं, आणि त्यातलं निम्मं पहिल्या वर्षातच. १०० कॅलरीज म्हणजे अडीच छोटे चमचे तेल! म्हणजे मला जी गोष्ट पकडायची आहे ती १००ची, आणि माझं मोजण्याचं साधन चुकतं दीडशेने. असलं सेन्सर घेऊन कुणी आमच्या डिझाइन रिव्ह्यूला आलं असतं तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

तुम्ही म्हणाल, चूक रोज तेवढीच असेल तर ती वजा करून टाक. बरोबर. पण ती किती आहे हे कळणार कशावरून? पायाखालच्या काट्यावरूनच ना! म्हणजे शेवटचा शब्द त्याचाच. तोही धुतल्या तांदळासारखा नाही. रात्री मिसळ खाल्ली की सकाळी किलोभर जास्त दाखवतो, मीठ आणि पाण्याचा खेळ. पण ही चूक साठत नाही, सात दिवसांची सरासरी काढली की निवळते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये माझं चुकलं ते नेमकं इथे. मोजणं सोडलं म्हणून नव्हे, काटा पलंगाखाली टाकला म्हणून चार महिने मला कुणी हाक मारली नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं ज्ञान नव्हे. शोधल्यावर २००६चा एक प्रयोग सापडला, रीना विंग आणि सहकाऱ्यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. सरासरी १९ किलो वजन उतरवलेली ३१४ माणसं, दीड वर्ष. एका गटाला नुसती तीन महिन्यांनी एक पत्रिका. बाकी दोन गटांना शिकवण, एकाला इंटरनेटवरून, एकाला प्रत्यक्ष भेटून, की रोज वजन करा आणि २.३ किलो वर गेलात की वाट न बघता पुन्हा कामाला लागा. दीड वर्षाने २.३ किलो किंवा जास्त वजन परत आलेले लोक पत्रिकावाल्या गटात ७२ टक्के, इंटरनेटवाल्यांत ५५ आणि प्रत्यक्ष भेटणाऱ्यांत ४६. जादू नाही, सगळ्यात चांगल्या गटातही जवळजवळ निम्म्यांचं वाढलंच. पण मला हवी ती गोष्ट मिळाली.

आम्ही प्रॉडक्शनमध्ये डीबग लॉग कायम चालू ठेवत नाही. डिस्क भरते, सिस्टिम मंद होते, आणि एवढा कचरा वाचतं कोण? मॉनिटरिंग मात्र बंद करत नाही. अलर्ट आला की मग लॉग चालू. हे मी रोज ऑफिसात करतो आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत दोन वर्षं सुचलं नाही. माझी डिस्क त्या गणपतीतच भरली होती.

तर २०२५च्या जूनपासून, परत ७१ला आल्यावर, नियम असा. रोज सकाळी वजन, आठवड्याची सरासरी. ७३.३च्या वर गेली की तीन आठवडे मोजणी. एरवी ॲप बंद. टीममधली एक मैत्रीण तीन वर्षं रोज मोजते आणि मजेत आहे, अर्ध्या मिनिटात नोंद करून गप्पांत परत येते. तिने का थांबावं? तिने कुणाला पोट बिघडल्याचं सांगितलेलं मला माहीत नाही.

यंदा गणपतीत आजीला ते खरं सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मला कळलं होतं. पोट बिघडलेला माणूस रात्री उठतो. मी दोनदा उठले, तू एकदाही नाही." पुढे काही बोलली नाही, घाटलं वाढलं. माझा छोटा काटा मात्र ठेवून घेतला, शेजारणींना आमसुलं मोजून द्यायला.

दिवाळीनंतर पहिल्यांदा अलर्ट आला. ७३.६. चकल्या, चिवडा आणि चिपळूणहून आलेला लाडवांचा डबा, संशयित भरपूर. सोमवारपासून तीन आठवडे मोजणी सुरू. पण डब्यात अजून नऊ बेसनलाडू शिल्लक, आणि माझा काटा तिकडे. काल आजीला फोन केला, "अगं, एका लाडवात तूप किती असेल?"

"वाटीभर बेसनाला अर्ध्या वाटीच्या जरा वर."

"वाटी केवढी?"

"थांब." फोन ठेवल्याचा आवाज, डब्याचं झाकण, मग बराच वेळ काही नाही. "हां. अख्खा लाडूच ठेवला तुझ्या काट्यावर. एक्केचाळीस भरला. पण बेदाण्यासकट हं."