बाळूंची फिरकी आणि आमचे मत

क्रिकेट, राजकारण आणि नळाचे पाणी या तीन विषयांवर ज्याला मत नाही असा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्माला यायचा आहे. आम्हीही त्याला अपवाद नाही. आमच्या घरची मंडळी म्हणतात, "रद्दीवाल्याने तुमची मते किलोवर घेतली असती तर आतापर्यंत आपल्याला आणखी एक खोली झाली असती." असो. रद्दीवाला घेत नाही म्हणून ती वाचकांना देत आहोत.

निवडणुकीचा वारा सुटला की वस्तीत सर्वांत आधी काय येते? गटाराचे झाकण येत नाही, संडासाची दुरुस्ती येत नाही. येतो तो चषक! अमुकभाऊ चषक, तमुकदादा चषक. टेनिसचा चेंडू, अंडरआर्म गोलंदाजी, रात्री हॅलोजनचे दिवे आणि माईकवर घसा फोडणारा एक निवेदक. खेळणाऱ्या पोरांना टी-शर्ट मिळतात. पुढे संघाचे नाव, पाठीवर भाऊंचा हसरा फोटो. आमच्या पुतण्याकडे तीन पक्षांचे मिळून चार टी-शर्ट आहेत. त्यातल्या एकाने सध्या आमच्या घरात लादी पुसली जाते. तो कोणत्या पक्षाचा, हे आम्ही सांगणार नाही. उगाच वस्तीत भांडण नको.

पोरांनी खेळावे, टी-शर्टही घ्यावा. आमची तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. परवा पुतण्या म्हणाला, "काका, भाऊंनी सगळी किट दिली. आता आपल्या मंडळाची मते एकगठ्ठा त्यांनाच." आम्ही म्हणालो, "किट दिली तर थँक्यू म्हणा, हार घाला. मत ही किटची पावती आहे काय?" तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही जुनी माणसे. आणि समजा, उद्या एखादा मोठा खेळाडूच उभा राहिला, तोही आपल्या माणसांतला, मग काय कराल?"

पोरगा वाद घालण्यात हुशार आहे. पण हा प्रश्न नवा नाही. मुंबईतल्या आपल्या माणसांनी तो १९३७ सालीच सोडवलेला आहे. त्यासाठी आधी बाळू पालवणकर सांगावे लागतात, कारण आजच्या पोरांना आयपीएलच्या लिलावातले आकडे तोंडपाठ असतात, पण बाळू ठाऊक नसतात.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार समाजातले. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अशी नोकरी. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले तेव्हा चार रुपये झाले. तिथे जाळे बांधायचे, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरी संथ फिरकी. ग्रेग नावाचा साहेब त्या काळचा गाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळायचा आणि बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचा, असे सांगतात. गोलंदाजी करून करून हात तयार झाला, पण त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. बॅट धरणे साहेबांचे काम, चेंडू टाकणे नोकराचे!

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे लागले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावत. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे. आम्ही हे आमच्या घरी सांगितले तेव्हा घरच्या मंडळींनी एवढेच विचारले, "आणि ते भांडे नंतर फोडायचे काय?" तिने लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी पाहिलेली आहे. तिला जास्त समजावून सांगावे लागले नाही.

हे बाळू १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून विलायतेला गेले. बरोबर धाकटे भाऊ शिवराम. संघाचे एकूण फारसे चालले नाही, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त गडी बाद केले. तेव्हा वय पस्तिशीचे आणि खांदा दुखरा. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावांचे नाव जोडले जाते. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्या यष्ट्या उडवून आला, याचा त्या पिढीला केवढा आनंद झाला असेल!

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना सामन्यासाठी संघातूनच वगळले, तेव्हा भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. ज्यांच्या धावांवर संघ उभा होता तेच घरी बसले. पुतण्या, हे नीट ऐक. याला म्हणतात मंडळाची ताकद वापरणे. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले आहे, १९४८ सालचे. कुठल्या वाचनालयात दिसले तर सोडू नका.

आता राजकारण. बाबासाहेबांना बाळूंचे कौतुक होते. पण राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात बाळू एम. सी. राजांच्या बाजूला होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. मग बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतून स्वतः उभे राहिले. काँग्रेसला त्यांच्यासमोर असा उमेदवार हवा होता की ज्याचे नाव चाळीचाळीत माहीत आहे. त्यांनी उभे केले बाळूंना!

विचार करा, बांधवांनो. तेव्हा सरसकट सगळ्यांना मत नव्हते. मालमत्ता, कर, शिक्षण पाहून मत मिळे. ज्या थोड्यांना मिळाले त्यांच्यासमोर एका बाजूला लहानपणापासून ज्याचे नाव ऐकले तो खेळाडू, मागे काँग्रेससारखा पैसेवाला, सत्तेच्या दाराशी आलेला पक्ष. दुसऱ्या बाजूला नवा पक्ष आणि बाबासाहेब. निकाल लागला. बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. दोन हजार वीस मतांचा फरक. लढत सोपी नव्हती हे आकडेच सांगतात. पण मतदाराने खेळाडूला टाळ्या दिल्या आणि मत आपल्या हक्कासाठी भांडणाऱ्याला दिले. दोन्ही हिशेब वेगळे ठेवले.

इथे आमचे काही जुने मित्र आमच्याशी वाद घालतात. त्यांच्या मते बाळू विकले गेले, त्यांचे नाव घेऊ नये. आम्हाला हे पटत नाही. बाळूंचे राजकारण चुकले असे आम्हीही म्हणतो. पण मातीच्या भांड्यात चहा प्यायलेल्या माणसाचा अपमान आपणच पुन्हा कशाला करायचा? दुसरे काही जण या लढतीला महार-चांभाराचे भांडण म्हणून रंगवतात. ते तर आम्हाला मुळीच मान्य नाही. बाबासाहेबांसमोर आपल्यातलाच लाडका माणूस उभा करणारे हात कोणाचे होते, हे ज्याला दिसत नाही त्याने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. आपल्यातल्या दोघांना समोरासमोर उभे करायचे आणि टाळ्या वाजवायच्या, हा डाव तेव्हाचा आहे. आजही पडतो.

खेळाडूंना तिकीट देण्याची हौस तर वाढतच गेली. अझरुद्दीन २००९ मध्ये मुरादाबादहून खासदार झाले, गौतम गंभीर २०१९ मध्ये पूर्व दिल्लीतून, युसूफ पठाण २०२४ मध्ये बंगालमधल्या बहरामपूरहून. आमच्या मुंबईत विनोद कांबळी २००९ मध्ये विक्रोळीतून विधानसभेला उभा राहिला आणि पडला. त्याची फलंदाजी आम्ही डोळे भरून पाहिली आहे, त्यावर आमच्यापाशी बोलायला या, रात्र पुरणार नाही. पण षटकार मारणाऱ्याला संडासाच्या टाकीचा प्रश्न कळतोच असे नाही.

आता कोणी म्हणेल, बाळूंच्या काळचे भांडे फुटले, कशाला उगाळता? त्यांना आम्ही वंदना कटारियाचे नाव सांगतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला उपांत्य सामना हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. संघात दलित पोरी जास्त झाल्या म्हणून हरलो, असे म्हणणारी तोंडे निघाली. जिंकलो की देशाची पोरगी, हरलो की जातीची!

आमच्या वस्तीतल्या पोरींचे मात्र गेल्या वर्षापासून काही वेगळेच चालले आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. त्या रात्री समाजमंदिराच्या टीव्हीसमोर पुढच्या रांगेत पोरी होत्या आणि पोरे मागे उभी. दीप्ती शर्माने पाच गडी बाद केले तेव्हा आमच्या शेजारच्या आजी, ज्यांना एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते आजही कळत नाही, उभ्या राहून नाचल्या.

दुसऱ्या आठवड्यात नऊ मुली मंडळाकडे आल्या. म्हणाल्या, रविवारी सकाळी मैदान आम्हाला द्या. पोरे म्हणाली, चषकाचा सराव आहे. बैठक झाली, आवाज चढले, पुतण्या सर्वांत पुढे. आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, "बाळूंच्या हाती बॅट कोण देत नव्हते रे?" तो आमच्याकडे रागाने पाहत राहिला. मग आत जाऊन काही बोलला असावा, कारण मुलींना रविवारी सात ते नऊ मैदान मिळाले आहे.

अडचण एकच. आमच्या वस्तीत पाणीही सात वाजताच येते आणि नळावर रांग लावायचे काम आजवर याच मुलींचे. आता रविवारी हंडे घेऊन आम्ही, पुतण्या आणि त्याच्या मंडळाची चार पोरे उभी असतो. त्यातल्या दोघांच्या पाठीवर भाऊंचा फोटो असतो आणि भाऊ पाण्याने चिंब भिजतात.