मोडकी जनुकं

पक्ष्याच्या रक्ताचं एक बरं असतं, थेंबभर पुरतं. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, म्हणून डीएनए काढायचा तर सगळी भिस्त पांढऱ्या पेशींवर. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. रक्त जरा जास्त पडलं की ट्यूबमधलं मिश्रण दाट होतं आणि पिपेटच्या टोकाला पाकासारखी तार धरतं.

डीएनए असा भरपूर, पण मजकूर आटोपशीर. आपल्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरं, कोंबडीच्यात १ अब्जाच्या आसपास. तरी त्यात दातांच्या एनॅमलची जनुकं अजून पडून आहेत, निकामी होऊन. असली मोडकी जनुकं वाचायला मला पिसांच्या आणि रंगांच्या जनुकांपेक्षा जास्त आवडतं. स्क्रीनवर अ‍ॅलिगेटर, कोंबडी, शहामृग यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या, की अ‍ॅलिगेटरची ओळ सलग जाते. पक्ष्यांच्या ओळींत मध्येच आडव्या रेघा, म्हणजे अक्षरं गळालेली. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. एक अक्षर गेलं तरी पुढचं सगळं वाचन सरकतं.

२०१४ मध्ये ४८ जातींचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा यातले काही बिघाड सगळ्यांत तेच निघाले. म्हणजे ते सामायिक पूर्वजातच झालेले. हिशेब जातो सुमारे ११.६ कोटी वर्षांमागे.

‘नको होते म्हणून निसर्गाने दात काढून टाकले’ हे वाक्य मला खटकतं. काढणारं कोणी नसतं. दातांवर पोट होतं तोवर असा बिघाड असलेल्यांची पिल्लं मागे पडायची, बिघाडही त्यांच्याबरोबर संपायचा. चोचीने भागू लागल्यावर तो खपून गेला. निवडीचा पहारा उठला, एवढंच.

गोड चव ओळखायला लागणारं एक जनुकही पक्ष्यांनी असंच गमावलंय. मग हमिंगबर्ड मधुरसावर जगतो कसा? संशोधक मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्येच दाखवलं, की अमिनो आम्लांची चव घेणारा ग्राहीच (रिसेप्टर) त्याच्यात बदलत जाऊन साखर ओळखू लागला. गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांनी तोच ग्राही वेगळ्या बदलांनी वळवून घेतला, हे २०२१ मध्ये कळलं. जास्वंदीवर येणारा आपला शिंजीर त्याच घराण्यातला. ही डागडुजी जुन्या जनुकासारखी हुबेहूब नाही. अ‍ॅस्पार्टेम आपल्याला गोड लागतं ते नेमकं त्या हरवलेल्या जनुकाच्या प्रथिनामुळे, म्हणून अ‍ॅस्पार्टेमच्या शुगर-फ्री पाण्याला हमिंगबर्ड फसत नाही.