लोणावळ्याहून पुण्यास, एका तपासणीसाठी

लोणावळ्याची ख्याती हवेची. डोंगरावरची हवा छातीस मानवते, या समजुतीने मुंबईची दुखणाईत मंडळी पूर्वी खंडाळा-लोणावळ्यास मुक्कामाला येत. १९६५ साली आमच्या मातोश्रींस सतराव्या वर्षी क्षय झाला, तेव्हा त्यांच्या वडिलांनीही येथेच खोली घेतली. गुण आला तो मात्र हवेपेक्षा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी, हे सांगितलेच पाहिजे.

त्याच गावाहून गतवर्षी आषाढात आम्ही त्यांना छाती दाखविण्यास पुण्यास नेले. आमची कन्या मेलबर्नला. तिचे दिवस भरत आले होते, आणि बाळंतपणास आजीच हवी, तीही सात महिने, असा तिचा हट्ट. ऑस्ट्रेलियाचा नियम असा, की भारतातून सहा महिने वा अधिक मुक्कामास जाणाऱ्याने व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र करून घ्यावे. पंचाहत्तरी उलटलेल्या पाहुण्यास तर थोड्या मुक्कामासाठीही तपासणी चुकत नाही. ती त्या सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच व्हावी लागते. घरच्या डॉक्टरांचा दाखला तेथे चालत नाही.

क्ष-किरण लोणावळ्यास नवे नव्हेत. येथील कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ सालीच आपल्या 'योगमीमांसा' त्रैमासिकात उड्डियान व नौलीचे क्ष-किरणांनी केलेले प्रयोग छापले होते. हे आम्ही गाडीत मातोश्रींस कौतुकाने सांगितले. त्यांचे लक्ष नव्हते. मळवलीस लोहगड-विसापूर ढगांत बुडालेले, कामशेतच्या खाचरांतून भाताची आवणी चाललेली. एरवी मावळातला हा पाऊस पाहून त्या हरखून जातात. तळेगाव सुटल्यावर हळूच म्हणाल्या, "अरे, पूर्वी क्षय होता का म्हणून विचारतील. नाही म्हणून सांगू. साठ वर्षे झाली, कोणाला ठाऊक आहे?" आमच्या वडिलांकडच्या मंडळींस ही गोष्ट कधीच कळू दिली नव्हती, हे आम्हांस त्या डब्यात प्रथम समजले.

"आई, तू नाही म्हणालीस तरी चित्र होय म्हणेल," एवढेच आम्ही बोललो.

पारपत्र पडताळून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारलाच. मातोश्री क्षणभर थांबल्या, मग "होय" म्हणाल्या, आणि इंजेक्शने किती महिने चालली तेही सांगितले. चित्रात उजव्या फुप्फुसाच्या माथ्यावर जुना व्रण निघाला. मग लागोपाठ तीन सकाळी थुंकी द्यावी लागली. तीत जंतू वाढतात का, हे कळण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. घाईची विनवणी तेथे व्यर्थ; जंतू आपल्या गतीनेच वाढायचे. शिवाय डॉक्टरांनी केवळ अहवाल पाठवावयाचा, निर्णय त्या सरकारचा.

श्रावण संपला, भाद्रपद लागला. जंतू नसल्याचे कळून व्हिसा हाती आला, तेव्हा पणतीचे बारसे होऊन गेले होते. मातोश्रींनी तिच्यासाठी शिवलेली दुपटी पेटीतून काढली, थोडी मोठी करून पुन्हा शिवली.