साखळीचे दुसरे टोक

१९६० हे साल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात राहते ते रोनाल्ड कोस यांच्या सामाजिक खर्चाविषयीच्या निबंधामुळे. एकाची गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरतात, पिकाची नासाडी होते. आता भरपाई कोणी कोणाला द्यायची, हे त्यातले गाजलेले उदाहरण. कोस यांचे म्हणणे असे की नुकसान कधी एकतर्फी नसते. गुरे आवरली तर गुरेवाल्याचे नुकसान, न आवरली तर शेतकऱ्याचे. म्हणून कोणते नुकसान टाळणे समाजाला अधिक मोलाचे आहे, हे आधी पाहावे. एम.ए.च्या वर्गात हे प्रथम ऐकले तेव्हा मला आमच्या गावचा कोंडवाडा आठवला होता. तिथे हा प्रश्न पाटलाने आणि दंडाच्या पावतीने केव्हाच सोडवून ठेवलेला होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या संसदेचा एक अधिनियम झाला, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा. त्याचे अकरावे कलम वाचण्यासारखे आहे. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. आणि लगेच पुढच्या खंडात असे म्हटले आहे की नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हाच. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये. कोलकात्यात पन्नास रुपयांत आज चहा, टोस्ट आणि एक अंडे येते. दंडाचे सोडून द्या. पण कुत्र्याला फिरायला नेणे ही या देशात हौस नसून कायदेशीर कर्तव्य आहे, हे कुत्रा पाळणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

आता दुसरी बाजू. भारतीय दंड संहितेत कलम २८९ होते; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने घेतली. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव टाळण्यापुरती काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे एक कायदा सांगतो की कुत्र्याला बाहेर काढा, आणि दुसरा सांगतो की बाहेर काढलेत तर सांभाळा. या दोहोंमध्ये जी जागा उरते, तिचेच नाव सार्वजनिक उद्यान.

कोलकात्यातील या जागांची मालकी हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरेल. मैदान लष्कराचे. फोर्ट विल्यमभोवती तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून राखलेली ही जमीन अजून संरक्षण खात्याकडेच आहे, आणि त्या किल्ल्याचे नाव आता विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून दिलेले. ज्या शहराने १७४२ मध्ये बारगिरांच्या, म्हणजे बंगाल्यांच्या भाषेत ‘बर्गीं’च्या, भीतीने मराठा खंदक खणायला घेतला आणि तो पुराही केला नाही, त्या शहराच्या किल्ल्याला मराठ्यांच्या आरमारी ठाण्याचे नाव मिळावे, ही गंमत हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात अजून चवीने सांगितली जाते. असो. दक्षिणेला रवींद्र सरोवर; कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १९२० च्या दशकात खणून घेतलेला तलाव. हा ट्रस्ट २०१७ मध्ये महानगर विकास प्राधिकरणात विलीन झाला. आणि गल्लोगल्लीची छोटी उद्याने बहुतांशी महापालिकेची. जमीन एकाची, राखण दुसऱ्याची, झाडलोट तिसऱ्याची. अशा ठिकाणी ‘कुत्रे साखळीशिवाय आणू नये’ ही पाटी कोणी लावायची यावरच पत्रव्यवहार होतो. ती पाळली जाते की नाही हे पाहणे तर फार दूरचे.

परदेशस्थ वाचकांपैकी काहींनी न्यूयॉर्कची व्यवस्था पाहिली असेल. तिथे साखळी सहा फुटांहून लांब चालत नाही. पण ठरवून दिलेल्या उद्यानांतल्या ठरावीक भागांत रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊपर्यंत कुत्रे मोकळे सोडता येतात. आधी ही केवळ रूढ सवलत होती, २००७ मध्ये ती रीतसर नियमात आली. मला ही योजना आवडते, कारण ती बंदी आणि मोकळीक यांत निवड करत बसत नाही. तीच जागा ती वेळेने वाटून देते. आपल्याकडे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत साधारण हेच सुचवले आहे: पाळीव कुत्र्यांना बागेत सरसकट मनाई करू नका, हवे तर वेळा ठरवा, आणि मालकांनीही सार्वजनिक जागी साखळी वापरावी.

पण न्यूयॉर्कचा नियम उचलून कोलकात्यात आणताना एक गोष्ट मागेच राहते. तिथे मोकळा कुत्रा हा अपवाद असतो. इथे तो रहिवासी आहे. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांना यातून वगळले. साधी बाग त्या यादीत नाही. म्हणजे एकाच बागेत दोन प्रकारचे कुत्रे आले. एकाला मालक आहे, म्हणून साखळी. दुसऱ्याला मालक नाही, म्हणून साखळी कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि साखळीतला कुत्रा मोकळ्या कुत्र्यांच्या टोळीसमोर नेहमी दुबळा असतो. त्याला पळता येत नाही आणि वळून लढताही येत नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. २०२४ च्या डिसेंबरात दक्षिण कोलकात्यातल्या एका बागेत सकाळी सहाच्या सुमारास मी फिरत होतो. एक एकोणीस वर्षांचा मुलगा दोन कुत्रे घेऊन रोज तिथे येतो. लक्ष्मीकांतपूर लोकलने पहाटे शहरात यायचे, चार घरांची कुत्री फिरवायची आणि दहाच्या गाडीने परत जायचे, हा त्याचा व्यवसाय. मला तो ‘काकू’ म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका, हे माहीत असूनही मराठी कान दर वेळी दचकतो. त्या दिवशी त्याच्या डाव्या हातात एक छोटा स्पिट्झ होता आणि उजव्या हाताच्या साखळीला चाळीस किलोंचा रॉटवायलर. मुलाचे स्वतःचे वजन पन्नासच्या पुढे नसावे. बागेतल्या चार भटक्या कुत्र्यांनी त्यांना घेरले. मुलाने स्पिट्झला उचलून छातीशी धरले आणि मोठ्या कुत्र्याची कडी काढली, की निदान त्याने तरी निसटावे. कुत्रा निसटला. तो कोणाला चावला नाही. पण धावताना समोरून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या गुडघ्यांवर आदळला. मास्तरमोशाय पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत असते.

लोकांनी मुलाला धरले. दोघातिघांनी हातही टाकला. पोलीस ठाण्यात मी साक्षीदार म्हणून गेलो. तासाभराने मालक आले आणि त्यांनी पहिलेच वाक्य उच्चारले ते असे, की साखळी सोडायची नाही अशी मी याला सक्त ताकीद दिली होती. वाक्य खरे होते. मुलानेही नाकारले नाही.

प्रश्न हा की त्या क्षणी तो कुत्रा कोणाच्या ताब्यात होता? कलमात ‘मालक’ हा शब्द नाही, ‘ताबा’ हा शब्द आहे. मालक झोपलेले होते आणि कडी मुलाच्या बोटांत होती. शब्दाला शब्द लावला तर नाव मुलाचेच येते, आणि ठाण्यातील अधिकाऱ्याने लिहायला घेतलेही तेच. माझ्या जबानीत मी लिहिले की साखळी मुलाने स्वतः सोडली; ते मी डोळ्यांनी पाहिले होते आणि ते वगळणे मला शक्य नव्हते. त्याखाली मी हेही लिहिले की साखळी सोडण्यापूर्वी चार कुत्रे अंगावर आले होते, मुलाच्या हाती दुसराही प्राणी होता, आणि त्याच्या जागी कोणताही समंजस माणूस तेच करता. ‘हे तुमचे मत झाले, साहेब,’ असे अधिकारी म्हणाले. मी म्हटले, मत असे शीर्षक देऊन लिहा, पण लिहा.

नंतर कळले ते अधिक बोलके आहे. त्या कुत्र्याला शिक्षण दिलेले होते. मालकांनी प्रशिक्षक नेमला होता आणि त्याने त्यांच्याच दिवाणखान्यात महिनाभर शिकवणी घेतली होती. ‘सिट’, ‘स्टे’, ‘कम’ हे शब्द कुत्रा उत्तम जाणत होता. मात्र ज्याने त्याला रोज दोन वेळा रस्त्यावर न्यायचे, तो मुलगा त्या शिकवणीला एकदाही बोलावला गेला नव्हता. तो बंगालीत ‘आय, आय’ करून हाका मारत राहिला आणि कुत्र्याला त्या हाका कधी कोणी शिकवलेल्याच नव्हत्या. कुत्र्याचे शिक्षण हे निम्मे कुत्र्याचे आणि निम्मे साखळी धरणाऱ्याचे असते. इथे दुसरे निम्मे शिक्षण भलत्याच माणसाला मिळाले होते.

आमच्या शासकीय वसाहतीच्या रहिवासी समितीचे अध्यक्षपद पदसिद्ध असल्याने माझ्याकडे आहे. घटनेनंतर पंधरा दिवसांत आमच्या बागेसाठी नियम करण्याची मागणी आली. पहिला प्रस्ताव होता की नोकरांनी कुत्रे बागेत आणू नयेत, फक्त मालकांनी आणावेत. तो ऐकायला जबाबदार वाटतो. मी विरोध केला. आमचे बरेचसे अधिकारी रात्री नऊला घरी येतात. नोकरावर बंदी घातली तर कुत्रा दिवसभर गच्चीवर बांधलेला राहील, आणि कलम ११ तिथेच मोडेल. शिवाय अशा चार घरांवर चालणारे जे कोणाचे पोट असेल, त्याची भरपाई समिती देणार आहे काय? कोस यांना मानणाऱ्याने दोन्ही बाजूंचा खर्च मांडलाच पाहिजे. यावर एका सदस्यांनी मला विचारले की उद्या माझा नातू पडला तर तुमचे कोस येणार आहेत काय. प्रश्न रास्त होता. मला त्याला चटकन उत्तर सुचले नाही.

अधिकारी वर्गाविषयी लोकांच्या मनात या बाबतीत एक जुनी अढी आहे, तीही बैठकीत निघाली. मे २०२२ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममधून खेळाडूंना लवकर बाहेर काढले जाते आणि मग एक सनदी अधिकारी तिथे कुत्रा फिरवतात, अशी बातमी आली. अधिकाऱ्यांनी आरोप नाकारला. त्याच दिवशी पती-पत्नींच्या बदल्या लडाख आणि अरुणाचल प्रदेशात झाल्या. कुत्र्यांच्या वेळा हा विषय काढताच वसाहतीतल्या कर्मचारी कुटुंबांच्या चेहऱ्यावर मला ते स्टेडियम दिसले. म्हणून पाच ते साडेसहा आणि रात्री साडेनऊनंतर, अशा मुलांच्या खेळाशी न भिडणाऱ्या वेळा आम्ही ठरवल्या, आणि त्या मुलांच्या आयांकडून आधी मंजूर करून घेतल्या.

उरलेले नियम साधे आहेत. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला समितीकडे द्यावा. गळपट्ट्यावर फोन क्रमांक असावा. एका माणसाने एका वेळी एकच मोठा कुत्रा आणावा. साखळी जो धरणार त्याने प्रशिक्षणाला हजर राहिलेले असावे. आणि शेवटी मालकाचे एका ओळीचे हमीपत्र: साखळी कोणाच्याही हाती असो, ताबा माझाच समजावा. न्यायालयात या कागदाचे वजन किती, याविषयी माझ्या मनात शंका आहे. पण सही करताना दोन मालकांनी कागद परत मागितला, घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कुत्रा घेऊन खाली आले.

मास्तरमोशायांच्या शस्त्रक्रियेचा खर्च अखेर रॉटवायलरच्या मालकांनी दिला आणि प्रकरण आपसांत मिटले. मास्तरमोशाय आता काठी घेऊन चालतात, सकाळी नाही, संध्याकाळी. मुलाची चारांपैकी दोन घरे सुटली. एक घर आमच्या वसाहतीत मिळाले आहे. तिथल्या बाईंनी प्रशिक्षकाला अट घातली की शिकवणी मुलासमोर आणि बंगालीत व्हावी.

त्या मूळ बागेसाठीही असाच फलक लावावा, असे पत्र मी संबंधित कार्यालयाला गेल्या वर्षी पाठवले. उत्तर आले. बागेचे फाटक एका विभागाकडे आहे आणि फलक दुसऱ्या विभागाकडे. फलक फाटकावर लावायचा असल्यास दोघांची संमती आवश्यक आहे. पत्राची प्रत दोन्ही विभागांना पाठवण्यात आली आहे, आणि मलाही.