ॲव्हरेज किती देते?

जालन्यात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की शेजारी किंमत नंतर विचारतो. पेढा तोंडात असतानाच त्याचा पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" परवा आमच्या सगळ्यात धाकट्या चुलतभावानं पुण्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली, तेव्हा भावंडांच्या ग्रुपवर अभिनंदनाच्या आधी हाच प्रश्न पडला. ॲव्हरेज नसतं, रेंज असते, असं त्यानं लांबलचक समजावलं. अण्णांनी ते वाचायला मागितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बरं. मग युनिटला किती?"

अण्णा म्हणजे माझे वडील. घर जुन्या जालन्यातलं, दोन भावांचे संसार एका जिन्यावर, आणि आम्ही सख्खी-चुलत मिळून सहा पोरं. अण्णा अंबडच्या शाळेत शिकवायचे. रोज अपडाऊन. हा शब्द आमच्याकडं इतका मुरलाय की 'तुमचे वडील काय करतात' याचं उत्तर आम्ही लहानपणी 'अपडाऊन करतात' असंच द्यायचो. सकाळी चेतक स्टॅंडपर्यंत, तिथून एसटी, बहुतेक उभ्यानं. संध्याकाळी दहावीचे जादा तास संपले की हातात सापडेल ती जीप, काळीपिवळी, नाहीतर उसाचा ट्रक.

1997 च्या जूनमध्ये त्यांनी औरंगाबादहून जुनी मारुती 800 आणली. 91 चं मॉडेल, एक लाख पाच हजार. थोडे प्रॉव्हिडंट फंडातून काढले, थोडे सोसायटीचं कर्ज. रंग पांढरा होता की मोतिया, यावर आमच्यात अजून दोन पक्ष आहेत. नंबर एमएच-20, म्हणजे औरंगाबादचा. एमएच-21 ची पाटी असलेल्या गल्लीतल्या स्कूटरीसुद्धा त्या बाबतीत आमच्यापेक्षा वरचढ होत्या, आणि आमचा दादा त्यावरून दोन दिवस रुसला होता. आपला जिल्हा 1 मे 1981 ला औरंगाबादपासून वेगळा झाला हे आम्हाला शाळेत घोकून घेतलेलं. आणि बापानं गाडी आणली ती परत तिकडच्या नंबरची!

खरं सांगायचं तर ती गाडी आम्हाला परवडणारी नव्हती. मास्तरच्या पगारात हप्ताही बसवायचा आणि पेट्रोलही, हे गणित जमेना. ते जमवलं गणिताच्याच सरांनी. शाळेत जालन्याहून जाणारे पाच जण: अण्णा, गणिताचे सर, हिंदीचे सर, पीटीचे सर आणि मराठीच्या बाई. गाडी अण्णांनी घ्यायची, चालवायची, आणि पेट्रोलची कॉन्ट्री पाच जणांत. जाऊन-येऊन पंचावन्न किलोमीटर, लिटरला सोळा धरले तर रोजचे साडेतीन लिटर, भागिले पाच. माणशी पाऊण लिटरही नाही. एसटीच्या पासाहून थोडं जास्त, पण घरी यायला दीड तास लवकर. म्हणजे कागदावर गाडी अण्णांची असली तरी तिला जगवणारे चौघं दुसरेच होते, आणि ॲव्हरेज ही आमच्या घरची खासगी बाब कधीच नव्हती. ते सोळाचं पंधरा झालं तर पाच घरांत कळायचं.

म्हणून वही आली. लांबट, हिशेबाची, लाल कापडी पाठीची. तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि शेवटचा रकाना शेरा. अण्णा मास्तर, त्यांना शेऱ्याशिवाय रकाना पुरा वाटत नसे. टाकी फुल्ल केली की मीटरवरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी फुल्ल करून वजाबाकी, मग भागाकार. हे काम माझ्याकडं आलं. दादा आणि चुलतभाऊ यांना अण्णांनी घाणेवाडीच्या रस्त्यावर गाडी शिकवली. आम्हा मुलींना वही दिली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, पण एक फायदा झाला: त्या गाडीबद्दल भावांना आठवणी आहेत, माझ्याकडं पुरावा आहे.

वहीतले शेरे असे: 'वारा समोरून.' 'प्लग साफ केले.' '17.8. एकटाच, बाकी रजेवर.' '14.1. मुलं राजूरला, दहा जण.' आणि एका पानावर, 'रुमाल, वजा 15.' त्या शेवटच्याची गोष्ट सांगायलाच हवी.

एप्रिलचा महिना, परीक्षा सुरू. पेपर दुपारचा म्हणून पाचही जण बाराला निघाले. आईनं मत्स्योदरीला नारळ बोलला होता, तो वाहायला मलाही गाडीत बसवलं होतं. म्हणजे मागं आम्ही चौघं, नारळ माझ्या मांडीवर. गोलापांगरीच्या पुढं गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. परत सुरू होईना. अण्णांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "हवा धरली." त्या जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांचं हे नेहमीचं दुखणं होतं. इंजिनाच्या अंगालाच छोटा पेट्रोलचा पंप, वरून बेचाळीस डिग्रीचं ऊन, आत इंजिनाची धग; पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसता वाफ ओढत बसतो. यावरचा उपाय प्रत्येक मेकॅनिकला आणि प्रत्येक मारुतीवाल्याला पाठ: पंपावर ओला फडका. फडका म्हणून गणिताच्या सरांनी डोक्याला गुंडाळलेला पांढरा रुमाल सोडला. पाणी मात्र बाईंच्या एका बाटलीत होतं तेवढंच, आणि पुढं अख्खी दुपार. हिंदीच्या सरांनी हळूच माझ्या मांडीकडं पाहिलं आणि म्हणाले, नारळात पाणी असतंच की. गाडीत क्षणभर शांतता. मग बाई म्हणाल्या, "देवीला काय सांगायचं, पंपाला वाहिला?" आणि आपली बाटली पुढं केली.

अर्धी बाटली गाडी प्यायली, उरलेली सहा जणांनी घोट-घोट. दहा मिनिटांनी इंजिन धरलं. पेपरला सगळे वेळेत पोचले. रुमालाला मात्र काळ्या तेलाचा जो डाग पडला तो गेला नाही, आणि महिनाअखेरीस गणिताच्या सरांनी कॉन्ट्रीतून पंधरा रुपये वजा करून पैसे दिले. अण्णांनी एक शब्द न बोलता वहीत नोंद केली. हे दोघं त्यानंतरही बरीच वर्षं एकाच गाडीत बसून अंबडला गेले.

इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली दिली ती 14 डिसेंबर 1983 ला. तेव्हा गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती आणि नंबर लावून वाट बघावी लागायची. जालन्यात तोवर गाडी म्हणजे मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांची ॲम्बेसिडर नाहीतर फियाट. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते सोनं मोंढ्यात होतं, मग बियाण्यांच्या कंपन्यांत आलं, मग सळईच्या कारखान्यांत. मास्तर, कारकून, कंपाउंडर यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं असेल तर ते ही गाडी, आणि तीही दुसऱ्याच्या हातची. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, बारा इंची चाकं. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीत रुतली तर पाच शिक्षक खाली उतरून उचलून बाजूला ठेवू शकत. ठेवलीही आहे. चढाला गाडी कण्हायची, मोठ्या गतिरोधकावर खाली लागायची, म्हणून मागच्यांनी उतरायचं, गतिरोधक चालत पार करायचा आणि परत बसायचं. चेंबर फुटला तर सगळं तेल रस्त्यावर, ही भीती आमच्या पिढीच्या पायात अजून आहे. आजही मोठ्या गाडीत बसलेली असताना गतिरोधक दिसला की मी सीटवरून अर्धी उठते.

राजूरच्या गणपतीला दहा जण कसे जात होतो, हे आजच्या मुलांना चित्र काढून दाखवावं लागतं. आजीचे गुडघे दुखायचे म्हणून आजी पुढं, तिच्या मांडीवर सगळ्यात लहान. मागं आई, काकू आणि आम्ही तिघं, एक पुढं सरकून तर एक मागं टेकून, असं आलटून पालटून. डिकीचं झाकण काढून तिथं दोन चुलतभाऊ, मागच्या काचेला नाक लावून. गाडीत बसून उलट दिशेनं जग पाहिलेली माणसं ती तेवढी दोन. अंगारकीला रात्री जालन्याहून पायी निघालेल्या लोकांच्या रांगा रस्त्याच्या कडेनं चालत, आणि हे दोघं त्यांना टाटा करत. काका बिचारे चेतकवर मागून यायचे.

आईची जागा मागं. राजूरला पुढं आजी, रोजच्या अपडाऊनला पुढं मराठीच्या बाई, कारण बाई एकट्या आणि बाकी चौघं पुरुष. यावर आईनं कधी तक्रार केली नाही, फक्त एकदा ताटं वाढताना म्हणाली, "पुढून रस्ता कसा दिसतो ते मी टीव्हीतच पाहिलंय." अण्णांनी आमटी ओरपायची थांबवली नाही. 2002 मध्ये मी नोकरीला लागल्यावर हट्टानं गाडी शिकले, तेव्हा पहिल्यांदा आई पुढच्या सीटवर बसली. घाणेवाडीपर्यंत गेलो. तलाव आला तरी ती उतरायला तयार होईना; म्हणाली, परतीचाही पाहू दे.

पेट्रोल वाचवायच्या अण्णांच्या युक्त्या लिहायला गेले तर वहीपेक्षा जास्त पानं लागतील. उतार दिसला की न्यूट्रल. आता कुणी असं केलं तर मी ओरडेन, कारण उतारावर इंजिनाचा लगाम सुटतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. रेल्वे फाटकात गाडी बंद. काचा वर, म्हणजे वारा आत येऊन गाडी ओढत नाही. एसी नव्हताच, त्यामुळं आत आम्ही वाफेवरच्या इडल्या. आणि चोक. थंडीच्या सकाळी चोकचं बटण ओढायचं, गाडी सुरू झाली की जसजशी गरम होईल तसं थोडं थोडं आत ढकलायचं. विसरलात तर गाडी दिवसभर पेट्रोल ढोसते. "चोक गेला का आत?" हे वाक्य आमच्या घरात 'दिवा लावला का' याच्या खालोखाल बोललं जात होतं.

2009 मध्ये नॅनो आली. काकांनी वर्तमानपत्र नाचवत सांगितलं, एक लाखात नवी कोरी! अण्णा म्हणाले, आपली जुनी एक लाख पाचला आली, म्हणजे चांगलीच असणार. आणि इंजिन मागं असेल तर पोरं कुठं बसवायची? पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2010 मध्ये, औरंगाबादच्या लोकांनी एकत्र मिळून दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या आणि देशभर त्याची बातमी झाली. सगळ्यांनी मिळून घेतल्यामुळं त्यांना भाव चांगला मिळाला म्हणे. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली. "बघ," म्हणाले, "कॉन्ट्रीच आहे."

तोवर अपडाऊनची मंडळी पांगली होती. कुणी निवृत्त, कुणाची बदली, पीटीच्या सरांनी स्वतःची अल्टो घेतली. वहीतले शेरे कमी झाले. 2012-13 च्या दुष्काळात मात्र गाडीला परत काम लागलं. नळाला आठवडे-आठवडे पाणी नव्हतं, अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मावशीच्या बोअरला थोडं पाणी होतं. मागची सीट पाडून कॅन भरून आणायचे. वळणावर आत पाणी डचमळायचं आणि गाडी मागून टेकायची. त्या उन्हाळ्यातला एक शेरा माझ्या अक्षरात नाही, अण्णांच्या आहे: '12.6. पाणी.' त्यांनी एवढ्या कमी आकड्याचं कारण एका शब्दात लिहिलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

2014 च्या जानेवारीत मारुतीनं 800 बनवणं थांबवलं. बातमी आली त्याच उन्हाळ्यात आमचीही गेली. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता, पण जालन्यात भंगार कुठं जातं हे सगळ्यांना माहीत आहे: भट्टीत, आणि तिथून सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये. अण्णा नाही म्हणाले. शेवटी अंबडकडच्या एका मोसंबीवाल्यानं नेली, बावीस हजारांत. वही त्याला द्यायला निघाले होते, मीच ठेवून घेतली.

आता समृद्धी महामार्ग जालन्याला लागून जातो. दादा त्यावरून ताशी एकशेवीसनं येतो आणि घाट, टोल, वेळ याचंच बोलतो. ॲव्हरेज त्याची गाडी स्वतःच पडद्यावर दाखवते, त्यामुळं कुणी लिहीत नाही.

मारुती विकून दीडेक वर्ष झालं असेल तेव्हा, अण्णांबरोबर मोंढ्यात गेले होते. तिथं ती उभी. मागची सीट गायब, आत क्रेट, टपावर दोर, पुढचा बंपर तारेनं बांधलेला. नंबर तोच. मालक क्रेट उतरवत होता, अण्णांना ओळखून पुढं आला, "काय सर, बरंय ना?" अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला. गाडीचं विचारतील, रंग कसा उडाला विचारतील, असं मला वाटलं.

"ॲव्हरेज किती देते?"

"देती की, सर. अकरा-बारा."

अण्णांचा चेहरा पडला. खिडकीतून वाकून त्यांनी आत पाहिलं, हात घातला आणि अर्धवट बाहेर आलेलं चोकचं बटण अंगठ्यानं आत दाबलं.