दिसल्याशिवाय बोट नाही

आमच्या घरात ठासणीची बंदूक होती. आजोबांच्या नावावर, शेतीसंरक्षणाचा परवाना. सातवीत असताना त्यांनी ती माझ्या हातात दिली. कायद्याने चूकच, पण तेव्हा गावात घरोघरी हेच चालायचं. आधी वर्षभर नुसती पुसायला. मग दारू किती, छर्रे किती, गजाने ठासायचं कसं. केप सगळ्यात शेवटी, बार काढायच्या वेळीच. नेमाला कुंपणावरची करवंटी. पहिल्या बाराला खांदा असा दुखला की दोन दिवस दप्तर दुसऱ्या खांद्यावर!

आजोबांचा नियम एकच, "आधी जनावर दिसूक व्हया, मगे चापाक बोट."

भात लोंबीवर आलं होतं. रात्री मांगरात राखणीला आम्ही दोघं. बांधापलीकडे खसखस झाली. मी बंदूक उचलली, बोट चापावर गेलंच. आजोबांनी नळीखाली हात घालून ती वर केली आणि ओरडले, "कोण रे थंय?"

काळोखातून आवाज आला, "मी आसंय. पाडो सुटलो हा."

शेजारचे काका होते. रोज मला शाळेत जाताना हाक मारणारे.

आजोबा रागावले नाहीत. केप काढून खिशात टाकली, बस. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज हे लिहायचं कारण? 'डुक्कर समजून गोळी झाडली, एकाचा मृत्यू' ही बातमी मी आजवर किती वेळा लिहिली, मोजलेलं नाही. दरवेळी तेच. रात्र, झाडी, खसखस. मरणारा बहुतेक वेळा सोबतचाच माणूस.

१९५९ चा शस्त्र कायदा पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक मान्य करतो. पण डुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणजे शेतकऱ्याने हवेत बार काढून हाकलायचं. त्यातही निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. रानडुकरांना आचारसंहिता नसते हो! मग कोणी विनापरवाना बंदूक काढतो, कोणी शेती सोडतो.

कुंपणाला मदत आणि वेळेवर नुकसानभरपाई मिळाली, तर काळोखात बंदूक घेऊन बसायची वेळच येणार नाही. हे सरकारने करायचं.

आपण करायचं ते एवढंच. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आजोबांचा नियम आज रात्रीच घरात सांगा.

आजोबा गेल्यावर आम्ही बंदूक जमा केली. ते शेत आता पड आहे. शेजारचे काका मात्र ऐंशी पार करून अजून हाक मारतात.