जोड

आमच्या आत्याला या वयात कशाची हौस आहे असे कुणी विचारले, तर काशी-रामेश्वर असे उत्तर अपेक्षित असते. पण पंच्याऐंशीव्या वर्षी तिला हौस आहे ती कुस्त्यांची! गेल्या चैत्रात तिचा भोरहून निरोप आला. “जत्रंच्या कुस्त्या बघायच्यात. गाडी घेऊन ये.”

आमचे मूळ गाव वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या सावलीत. आत्या तिथली माहेरवाशीण आणि भोरची सासुरवाशीण. लहानपणी सुटीत मी भोरला जाई. नीरेत डुंबायचे, राजवाड्याभोवती हुंदडायचे आणि रात्री आत्याच्या गोष्टी ऐकायच्या, असा आमचा कार्यक्रम असे. पण तिने स्वतःची एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती. ती बाहेर पडली माझ्या नातीमुळे.

झाले असे, की दिवाळीत नातीने फोनवर एक जुने जपानी चित्रण लावले होते. तारीख २८ ऑगस्ट १९८५, स्थळ ओसाकाचे मोठे सभागृह. एका बाजूला चिगुसा नागायो, साऱ्या जपानी शाळकरी मुलींची लाडकी. दुसऱ्या बाजूला तोंडाला भडक रंग फासलेली, हातात काठी घेतलेली धिप्पाड डम्प मात्सुमोतो, साऱ्यांची नावडती. पैज अशी की हरेल तिचे डोके भादरायचे! चिगुसा हरली. भर आखाड्यात तिचे केस उतरवले गेले आणि सभागृहातल्या पोरी धाय मोकलून रडू लागल्या.

मी शहाणपणाने म्हणालो, “आत्या, हे सगळं नाटक असतं. असल्या व्यावसायिक कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडची नुरा कुस्तीच म्हण ना!”

“निकाल ठरला आसंल,” आत्या म्हणाली, “पण क्यास तर खरं गेलं का न्हाई? आन पडणं-आपटणं खरंच की. आपल्याला आपटायला बी बरुबरीची जोड लागती, बाबा. ती तिला गावली.”

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “मला न्हाई गावली.”

आणि तिने सांगितले. १९५२ च्या सुमारास, ती बारा-तेरा वर्षांची असताना, आजोबा भावांबरोबर तिलाही घरामागच्या तांबड्या मातीत उतरवीत. एका जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्यांत, भावाची चड्डी आणि डोक्याला घट्ट फडके अशा वेषात तिने दोन पोरांना चीत केले. फडके सुटले, वेणी दिसली आणि सारा आखाडा हसला. पुढल्या वर्षी ती वेणी घालूनच उतरली. जोड मागणारा पैलवान हात वर करून आखाड्यात फिरतो, तशी ती हलगीच्या तालावर तीन फेऱ्या फिरली. कुणीही पुढे आले नाही. पोरांचेही बरोबरच होते म्हणा! पोरीकडून हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि जिंकलो तर त्यात कौतुक ते काय? आत्या हात खाली करून आजोबांजवळ येऊन बसली. वर्षाच्या आत तिचे लग्न झाले.

वाचकहो, त्याच काळात या देशात एक बाई असाच हात वर करून फिरत होती. तिचे नाव हमीदा बानू. मिर्झापूरची ही बाई अलिगढला सलाम पैलवानांकडे तयार झाली. १९५४ साली तिने जाहीर केले होते, की मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन! त्या मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत लोळवले. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलीनला तर एक मिनिटही लागले नाही. पण कोल्हापुरात एका मल्लाला हरवल्यावर लोकांनी तिला दगड मारले. पुण्यात रामचंद्र साळुंखे या मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती कुस्तीगीर संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले, की बंदी ती बाई आहे म्हणून नव्हे, आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

त्या तक्रारी कितपत खऱ्या होत्या, याचा निवाडा मी करणार नाही. पण मला वाटते, तिचे खरे दुःख आत्याचेच होते. तिला जोड मिळाली नाही. पुरुषाला हरवले तर लोक म्हणणार नुरा, आणि बाईशी लढावे तर मिनिटभर टिकणारी कुणी नाही. पुढे ती कल्याणला दूध विकून राहिली आणि १९८६ साली गेली.

त्याच १९८६ मध्ये तिकडे ओसाकात चिगुसा आणि डम्प पुन्हा भिडल्या आणि या खेपेला केस डम्पचे उतरले. या दोघी १९८० साली बरोबरच आखाड्यात उतरलेल्या. १९८८ साली डम्प निवृत्त झाली तेव्हा अगदी शेवटच्या लढतीत चिगुसा तिच्या बाजूने उभी राहिली. वैरीण खरी, पण जोडही तीच!

असो. जत्रेच्या दिवशी आम्ही भोरहून निघालो, कापूरहोळवरून नसरापूर फाट्याला वळलो आणि मार्गासनीच्या पुढे आमच्या गावी पोचलो. आत्याला आखाड्याच्या कडेला खुर्ची मिळाली. पोरांच्या कुस्त्या झाल्या आणि मग एक मुलगी उतरली. हात वर करून ती फिरू लागली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. आत्याने माझे मनगट धरले. पंच्याऐंशी वर्षांच्या हातात एवढे बळ असेल असे मला वाटले नव्हते.

तिसऱ्या फेरीला समोरच्या गर्दीतून दुसरी मुलगी उठली. “गेल्या साली हिनंच तिला पाडलं हुतं,” शेजारचे गृहस्थ म्हणाले. दोघींनी माती कपाळाला लावली, सलामी झडली. पट काढला, सुटला. ढाक लागता लागता हुकली. बघे ओरडत होते, पण हसत कुणीच नव्हते. अखेर गेल्या वर्षी हरलेलीने घिस्सा मारला आणि दुसरीची पाठ मातीला लागली.

मला एकदम २०२३ चा मार्च आठवला. सांगलीला महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदाच झाली. प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली, तेव्हा आत्याने मला फोन करून विचारले होते, “पडली ती कोण रं?” त्या वेळी मला त्या प्रश्नाचे नवल वाटले होते.

जिंकलेल्या पोरीला इनाम देण्यासाठी गर्दी लोटली. आत्या मात्र माझ्या आधाराने उठली ती दुसऱ्या टोकाला गेली. तिथे हरलेली पोर एकटीच अंगावरची माती झाडीत होती. आत्याने कनवटीची पाचशेची नोट तिच्या हातात कोंबली.

“आजी, मी हरली की!” पोर संकोचून म्हणाली.

“ठावं हाय मला. पर तू उठलीस म्हणून कुस्ती झाली, बाय.”

परतीच्या वाटेवर आत्याने मार्गासनीला गाडी थांबवायला लावली आणि रेवड्यांचा पुडा घेतला. भोर येईपर्यंत तो संपला. तिच्या तोंडात दात किती उरलेत हे मला ठाऊक आहे, म्हणून मी काही बोललो नाही.